देवदार, गंधसरू आणि आमची देवदारी पेटी

बारा वर्षांपूर्वी एका छोट्या नियतकालिकात मी जुन्या घरांतील लाकूडसामानाविषयी एक लेख लिहिला होता. त्यात आमच्या गावच्या घरातल्या ‘देवदारी पेटी’वर एक परिच्छेद होता. देवदार म्हणजे देवांचे लाकूड, त्याच्या उग्र सुगंधामुळे वाळवी आणि कसर त्याच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही, म्हणून आपल्या आज्या-पणज्या पोथ्या आणि वह्या देवदारी पेटीत ठेवत, असे मी मोठ्या आत्मविश्वासाने लिहून मोकळा झालो. लेख छापून आला, चार लोकांनी कौतुक केले.

महिन्याभराने एक पोस्टकार्ड आले. लिहिणारे गृहस्थ निवृत्त सुतार होते. अक्षर वळणदार, मजकूर मोजून सहा ओळींचा. ‘तुमची देवदारी पेटी देवदाराची नाही. ती विलायती खोक्याची आहे. वाळवी तिला आवडीने खाते. तुमचे वाचून कोणी पोथ्या ठेवल्या तर काय करायचे?’ असा त्याचा आशय होता.

मला राग आला, हे कबूल केले पाहिजे. मी वनस्पतिशास्त्राचा पदवीधर नाही. वाणिज्य शाखेतून बाहेर पडून एका लाकडाच्या वखारीत हिशेबनीस म्हणून लागलो आणि जे काही शिकलो ते वखारीतल्या माणसांकडून, रद्दीतल्या पुस्तकांतून आणि ग्रंथालयांतून. अशा माणसाला आपली चूक दाखवलेली जास्तच झोंबते. तरी पुढच्या महिन्यात गावी गेलो, पोटमाळ्यावर चढलो आणि पेटी उघडली. आजीची जात्यावरच्या ओव्यांची वही त्या पेटीत होती. होती, असेच म्हणायचे. पुठ्ठा शाबूत होता, आतल्या पानांची माती झाली होती. पेटीच्या तळाच्या फळीतून वाळवी वर आली होती.

हा लेख म्हणजे त्या पोस्टकार्डाला दिलेले उत्तर आहे. द्यायला बारा वर्षे लागली.

पेटीचे लाकूड

पत्र लिहिणाऱ्या मिस्त्रींना मी जाऊन भेटलो. पेटीच्या झाकणाचा एक तुकडा बरोबर नेला होता. त्यांनी त्यावर रंधा मारला आणि निघालेली साल माझ्या नाकाशी धरली. वास जवळजवळ नव्हताच, अगदी पुसट राळेचा भास होता. लाकूड पांढुरके, हलके आणि जागोजागी गाठींचे. मग ते म्हणाले, “आता काष्ठौषधीच्या दुकानात जा, वीस रुपयांचा देवदार मागा आणि दोन्हींचा वास शेजारी शेजारी घ्या. मला काही सांगावं लागणार नाही.”

दुकानदाराने कागदाच्या पुडीत पिवळट-तपकिरी ढलप्या दिल्या. हातात घेताच त्या किंचित तेलकट लागल्या. पुडी घरी आणेपर्यंत पिशवीतल्या भाज्यांनाही तो वास लागला होता. उग्र, कडवट आणि तरीही पुन्हा हुंगावासा वाटणारा. आयुर्वेदात हाच देवदारू बाळंतिणीला द्यायच्या देवदार्वादि काढ्यात पडतो. म्हणजे एकाच गावात एकाच नावाची दोन लाकडे मिळत होती आणि आमच्या घरात त्यांतले चुकीचे होते.

हा घोळ कसा झाला ते नंतर उलगडत गेले. मुंबई बंदरात परदेशांतून यंत्रे, काचसामान, बाटल्या यांची खोकी येत. ती बहुतेक पाइन किंवा त्याच्या जवळच्या सूचिपर्णी झाडांच्या हलक्या फळ्यांची असत. माल उतरला की खोकी लिलावात जात आणि त्यांच्या पेट्या, फडताळे, दुकानांची कपाटे होत. या पांढुरक्या, स्वस्त लाकडाला आपल्या बाजाराने सरसकट ‘देवदार’ म्हटले आणि ‘देवदारी खोके’ हा शब्द मराठीत पक्का झाला. आमच्या पेटीच्या मागच्या बाजूला पुसट काळी इंग्रजी अक्षरे होती. लहानपणापासून ती मी पाहत आलो होतो. आजोबा मुंबईला एका गोदामात नोकरीला होते. तरीही या दोन गोष्टींची सांगड माझ्या डोक्यात कधी बसली नव्हती. नाव इतके ठाम होते की डोळ्यांची साक्ष काढावीशीच वाटली नाही.

सख्खी भावंडे चारच

मग खरा देवदार म्हणजे कोणता? वनस्पतिशास्त्रात सेड्रस नावाची एक प्रजाती आहे. तिच्यात जेमतेम चार जाती धरतात. हिमालयातला देवदार, लेबनॉन-सीरिया-तुर्कस्तानातला लेबनॉनी सीडार, मोरोक्को आणि अल्जीरियाच्या डोंगरांतला अॅटलास सीडार आणि सायप्रस बेटावरचा आखूड पानांचा सीडार. शेवटच्याला काही अभ्यासक लेबनॉनीचीच उपजात मानतात, म्हणजे तीन म्हटले तरी चालेल. पश्चिमेकडची तिन्ही भूमध्य समुद्राच्या आसपास आणि चौथा थेट हिंदुकुश-हिमालयात. मध्ये हजारो किलोमीटरचा खंड.

ही झाडे ओळखायला सोपी आहेत. सुईसारखी पाने आखूड फांदोऱ्यांवर झुबक्याने येतात. शंकू फांदीवर ताठ उभे राहतात, लहान पिंपासारखे. चिडाचा शंकू जसा अख्खा खाली पडतो तसा यांचा पडत नाही. पिकला की झाडावरच खवला खवला सुटा होऊन विखुरतो. आणखी एक गंमत म्हणजे बहुतेक सूचिपर्णी झाडांचे पराग वसंतात उडतात, यांचे शरद ऋतूत. मी नोव्हेंबरात कुमाऊंमधल्या जागेश्वरला गेलो होतो, तेव्हा देवळांच्या पायऱ्यांवर, बाकांवर, माझ्या टोपीवरही पिवळी भुकटी साचली होती. मला वाटले कोणी हळद उधळली.

जागेश्वरचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर करतो, कारण ते मराठी वाचकाच्या घरचे आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी नागेश हे दारुकावनात असल्याचे परंपरा सांगते. ते कुठले, यावर तीन ठिकाणांचा दावा आहे. द्वारकेजवळचे नागेश्वर, आपल्या हिंगोली जिल्ह्यातले औंढा नागनाथ आणि हे जागेश्वर. जागेश्वरवाल्यांचा मुख्य आधार झाडांचा. दारुकावन म्हणजे देवदारांचे वन, आणि शंभराहून अधिक लहानमोठी देवळे तिथे खरोखरच देवदारांच्या दाट सावलीत उभी आहेत. औंढ्याच्या उन्हात देवदार जगणे शक्य नाही. पण ‘दारु’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ नुसता ‘लाकूड’ असा आहे आणि लाकूड काय, सगळीकडेच असते. वाद मिटवायची माझी पात्रता नाही. झाडाच्या नावावरून देवाचा पत्ता शोधायला निघालेले लोक आपल्यातही आहेत, एवढेच दाखवायचे होते.

वास येतो कुठून

देवदाराचे खोड वाढत जाते तसे त्याच्या आतल्या भागातले पाणी वाहून नेण्याचे काम थांबते. तिथल्या पेशी मरतात, पण मरण्यापूर्वी आपल्या भिंतींत आणि पोकळ्यांत राळ व तेले साठवून ठेवतात. हा झाला गाभा. कीड आणि बुरशी यांना तो मानवत नाही, म्हणून तो टिकतो. बाहेरच्या पांढऱ्या लाकडात ही तेले फारशी नसतात, त्यामुळे खऱ्या देवदाराचेही बाहेरचे लाकूड किडते. तेव्हा टिकाऊपणा ‘देवदारा’त असतो असे म्हणणेही अपुरे आहे, तो जुन्या झाडाच्या गाभ्यात असतो.

या तेलाची ओळख पटवण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे, हे मला फार उशिरा कळले. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. सुख देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात देवदाराच्या तेलातील घटकांची रचना उलगडली. त्यांना मिळालेली नावे आहेत हिमाचलीन आणि हिमाचलोल. हिमालयाचे नाव रसायनशास्त्राच्या कोशात पाषाण रस्त्यावरच्या प्रयोगशाळेतून गेले! पुढे मोरोक्कोतल्या अॅटलास सीडारच्या तेलातही हिमाचलीनेच मुख्य घटक म्हणून आढळतात. हजारो किलोमीटरचा खंड पडूनही भावंडांचे रक्त एक निघाले.

उलट पेन्सिलीचे पाहा. माझ्या मामाने मला लहानपणी एक परदेशी पेन्सिल दिली होती. तिला टोक काढताना जो वास यायचा त्यासाठी मी ती गरज नसताना तासून संपवली. त्या लाकडाला ‘पेन्सिल सीडार’ म्हणतात, पण ते सीडार नव्हे, अमेरिकेतले जुनिपर आहे. त्याच्या वासाचा एक मुख्य घटक सेड्रॉल. म्हणजे सीडारच्या नावाचे रसायन दुसऱ्याच कुळातल्या झाडात भरपूर! त्या जुनिपरचीही पुढे इतकी तोड झाली की पेन्सिल कारखानदार शेतांची जुनी कुंपणे विकत घेऊन लाकूड मिळवू लागले आणि शेवटी कॅलिफोर्निया-ऑरेगनच्या ‘इन्सेन्स सीडार’कडे वळले. तेही सीडार नव्हेच. आज आपल्या मुलांच्या हातातल्या पेन्सिली बहुधा काश्मिरी पॉप्लरच्या असतात. त्यांना वास नसतो.

नाव वासाचे, झाडाचे नव्हे

हे सगळे जुळवताना मला एक साधी गोष्ट लक्षात आली. लोकांनी हे नाव झाडाला दिलेच नव्हते, ते वासाला आणि टिकण्याला दिले होते. ग्रीक ‘केड्रॉस’ हा शब्द जुनिपरलाही लावत. रोमन वास्तुशास्त्रज्ञ विट्रुव्हियस सांगतो की सीडारच्या तेलाने पुसलेल्या पुस्तकांना कसर आणि बुरशी लागत नाही. तो ही झाडे क्रीट बेटावरही असल्याचे लिहितो. क्रीटमधले झाड बहुधा जुनिपरच असणार. पण विट्रुव्हियसला त्याने फरक पडत नव्हता. वास आला, पुस्तक टिकले, म्हणजे तो सीडार.

युरोपीय दर्यावर्दी जिथे गेले तिथे सुवासिक, तांबूस, सहज कापले जाणारे लाकूड दिसले की त्याला हेच नाव देत गेले. सिगारच्या पेट्यांचा ‘स्पॅनिश सीडार’ आपल्या कडुनिंबाच्या कुळातला आहे. ऑस्ट्रेलियात एकोणिसाव्या शतकात ज्या ‘लाल सीडार’साठी लाकूडतोडे जंगलोजंगल हिंडले, ते झाड म्हणजे आपल्या सह्याद्रीत आढळणारा तूण. तोही कडुनिंबाचाच भाऊबंद. वखारीत मी वर्षानुवर्षे तुणाचे हिशेब लिहिले, पण ऑस्ट्रेलियात हा सीडार म्हणून मिरवतो याची मला गंधवार्ता नव्हती.

आणि हा दोष फक्त साहेबांचा नाही. बंगालमध्ये देवदारू म्हणतात तो आपल्याकडे सोसायटीच्या कुंपणाला लावलेला खोटा अशोक. तमिळ मुलखात तेच नाव आणखी वेगळ्या, चंदनासारख्या वासाच्या एका झाडाला आहे. कोकणच्या किनाऱ्यावर आपण ज्याला सुरू म्हणतो ते इराणी कवितेतले सरू नव्हे. ते ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाकडचे कॅज्युरिना आहे. लांबून आकार सारखा दिसला, पुरे झाले.

या यादीत मला सर्वांत आवडणारा शब्द मराठी बायबलातला आहे. जुन्या करारात लेबनॉनच्या सीडारचा उल्लेख वारंवार येतो. सोरचा राजा हिराम शलमोनाला मंदिरासाठी हेच लाकूड पाठवतो. हिंदी बायबलात या झाडाला देवदार म्हटले आहे आणि ते शास्त्रदृष्ट्या जवळचेही आहे. मराठीत मात्र शब्द आहे ‘गंधसरू’. हा शब्द का निवडला, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. पण माझा एक तर्क आहे. मराठी कानाला देवदार म्हटले की खोके आठवते. राजाच्या मंदिराला खोक्याचे लाकूड कसे शोभावे? म्हणून सरूसारखे दिसणारे, गंध असलेले झाड असा नवा शब्द घडवावा लागला असेल. तर्क चुकीचा असेल, पण शब्द अचूक आहे. त्याने झाडाची ओळख नाकावर सोपवली.

तोडलेले आणि राखलेले

ज्या लाकडाचा एवढा लौकिक त्याचे पुढे काय झाले असेल ते सांगायला नको. तरी थोडक्यात सांगतो, कारण नावाच्या गोष्टीचा उरलेला अर्धा भाग इथे आहे.

इजिप्तमध्ये मोठे इमारती लाकूड नव्हते. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या स्नेफ्रू राजाच्या काळात चाळीस जहाजे भरून सूचिपर्णी लाकूड आणल्याची नोंद पालेर्मो शिलालेखात आहे. त्याचा मुलगा खुफू. त्याच्या पिरॅमिडच्या पायथ्याशी १९५४ साली एक बंद खड्डा सापडला. शिळेला भोक पाडल्यावर आतून सुगंध आला, असे शोधकर्ते कमाल अल मल्लाख यांनी सांगितले आहे. आत सुटे करून रचलेले आख्खे जहाज होते. एक हजार दोनशेहून अधिक तुकडे, मुख्यतः लेबनॉनी सीडारचे. ते जुळवल्यावर लांबी भरली त्रेचाळीस मीटरांहून जास्त.

मेसोपोटेमियातल्या गिल्गामेश महाकाव्यात दोन वीर सीडारच्या अरण्यात शिरून त्याच्या रक्षकाला मारतात आणि झाडे तोडतात. ही कथा मला शाळकरी पराक्रमाची वाटायची. २०१४ साली सुलेमानिया इथल्या संग्रहालयातल्या एका मृत्तिकापट्टिकेचे वाचन प्रसिद्ध झाले आणि त्यातून या प्रसंगाच्या काही हरवलेल्या ओळी मिळाल्या. त्यांत पक्ष्यांच्या, किड्यांच्या, माकडांच्या आवाजांनी भरलेले अरण्य आहे आणि झाडे पाडल्यावर आपण याचे उजाड रान केले, अशी एंकिदूची टोचणी आहे. म्हणजे हे कळायला माणसाला आधुनिक काळाची वाट पाहावी लागली नव्हती.

रोमन सम्राट हेड्रियनने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात लेबनॉनच्या डोंगरात खडकांवर अक्षरे कोरून घेतली. चार जातींची झाडे सम्राटाची, बाकीची लोकांची, असा त्यांचा अर्थ. असे सुमारे दोनशे लेख सापडले आहेत. आज त्यांतल्या कित्येक खडकांभोवती सीडारचे झाड नाही. लेबनॉनच्या झेंड्यावर १९४३पासून हिरवा सीडार आहे, पण देशातली उरलेली सीडारवने काही हजार हेक्टरांत मावतात. ‘लेबनॉनच्या’ सीडारची सर्वांत मोठी जंगले आज तुर्कस्तानात, टॉरस पर्वतात आहेत. इथेही नाव एकीकडे आणि झाड दुसरीकडे.

आपल्याकडे काय झाले? हिमालयात देवदार ही घराची हाडे आहेत. हिमाचलातली काठकुणी घरे दगडाचा एक थर आणि देवदाराच्या तुळयांचा एक थर अशी बांधतात, आणि भूकंपात ती हलतात पण सहसा कोसळत नाहीत. मनालीचे हिडिंबा देऊळ १५५३ सालचे, देवदारांच्या राईत, देवदाराच्याच लाकडाचे. श्रीनगरच्या जामा मशिदीला देवदाराचे साडेतीनशेहून अधिक खांब आहेत, एकेक खांब एकेका झाडाचा. झेलमवरचे जुने पूल आणि दल सरोवरातल्या हाउसबोटी याच लाकडाच्या. डोंगरातले लोक याला केलो किंवा दियार म्हणतात, आणि लाकडातून काढलेले काळपट तेल मेंढ्यांच्या आणि गुरांच्या त्वचारोगावर लावतात.

मग रेल्वे आली. रुळांखाली प्रक्रियेशिवाय टिकतील अशी भारतात मुख्यतः तीनच लाकडे होती : साग, साल आणि देवदार. १८७०च्या दशकात रेल्वेला दरसाल दहा लाखांहून अधिक स्लीपर लागत असल्याचा हिशेब होता. माधव गाडगीळ आणि रामचंद्र गुहा यांनी या काळातल्या जंगलतोडीवर विस्ताराने लिहिले आहे. फ्रेडरिक विल्सन नावाच्या इंग्रजाने टिहरीच्या राजाकडून भागीरथीच्या खोऱ्यातला ठेका घेतला आणि देवदाराचे ओंडके नदीत सोडून खाली मैदानात नेले. ‘पहाडी विल्सन’ म्हणून त्याच्या कथा अजून हर्सिलला सांगतात. १८६४ साली वनखाते निघाले, त्यामागे निसर्गप्रेमापेक्षा स्लीपर संपतील ही धास्ती अधिक होती.

आणि तरीही देवदार संपला नाही. जगातल्या संकटग्रस्त जातींच्या यादीत अॅटलास सीडार धोक्यात आहे, लेबनॉनी असुरक्षित आहे, आपला देवदार अजून त्या वर्गात नाही. याचे एक कारण म्हणजे हिमालयाचा अवघड विस्तार. दुसरे कारण मला देवराया वाटते. कालिदासाच्या रघुवंशात दुसऱ्या सर्गात एक देवदार आहे. रानहत्तीने अंग घासून त्याची साल सोलली म्हणून पार्वतीला पोटच्या पोराला इजा व्हावी तसे दुःख होते, आणि शंकर त्याच्या राखणीला सिंह नेमतो. जागेश्वरच्या पायऱ्यांवर बसून मी त्या सिंहाचा विचार करत होतो. ज्याला आपण ‘देवाचे’ म्हणतो ते झाड तोडायचे की त्याला हात लावायचा नाही, हे त्या एका शब्दात दोन्ही अर्थांनी बसते. लेबनॉनच्या राजांनी आणि इजिप्तच्या पुजाऱ्यांनी पहिला अर्थ घेतला. जागेश्वरवाल्यांनी दुसरा.

पेटी

आता पेटीकडे येतो. कागद जपण्यासाठी सीडारची पेटी हवी असे अनेकांना वाटते, म्हणून सुताराच्या पत्रातल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट लिहितो. देवदारी नाव असलेली पेटी बहुधा खोक्याच्या लाकडाची असते. झाकणाच्या आतल्या कोपऱ्यावर काचपेपर घासून वास घ्या. उग्र आला नाही तर ती देवदाराची नाही. आली तरी निर्धास्त होऊ नका. वास हवेत उडून जातो, काही वर्षांनी लाकूड मंदावते. सुगंधी सीडारच्या वाफेने कपड्यांवरच्या कसरीच्या कोवळ्या अळ्या मरतात, पण मोठ्या झालेल्या अळ्या आणि पतंग सहसा मरत नाहीत. जमिनीतून चढणाऱ्या वाळवीला तर आतल्या वासाने अडवता येत नाही. पेटी भिंतीपासून दूर, विटांवर किंवा लोखंडी घडवंचीवर ठेवावी आणि वर्षातून दोनदा उघडावी. आमची पेटी सतरा वर्षे कोणी उघडली नव्हती. नावावर विश्वास होता ना!

आजीची वही गेली. तिच्यात किती ओव्या होत्या तेही कोणाला ठाऊक नाही. त्या वर्षी गणपतीत मी आत्याकडे जाऊन बसलो. ती तेव्हा ऐंशीच्या घरात होती. सुरुवातीला म्हणाली, “अरे, मला कसल्या आठवतायत.” मग जात्याचा खुंटा धरल्यासारखा हात फिरवत एक म्हटली, दुसरी म्हटली. चार दिवसांत एकोणतीस ओव्या झाल्या. काही अर्ध्या होत्या. मधे थांबून ती म्हणायची, “ही आईची नव्हे, ही शेजारणीची,” आणि मी तसे समासात लिहून ठेवले.

ती वही लोखंडी कपाटात आहे, तिच्या दोन नकला दोन भावंडांकडे आहेत. देवदारी पेटीत मी आता खिळे, स्क्रू आणि जुने पाने ठेवतो. काष्ठौषधीच्या दुकानातली पुडी मात्र अजून टेबलाच्या खणात आहे. वास मंदावला आहे. बोटाने चुरली की थोडा येतो.